नाशिकहून तीन वर्षांसाठी घानाला जाताना तयारी नेमकी कशाची करावी?

प्रश्न – इंदिरानगरकर

नमस्कार. माझे यजमान अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचे काम पाहतात. त्यांना पश्चिम आफ्रिकेतील घाना या देशात, राजधानी अक्राजवळच्या टेमा या बंदराच्या गावी तीन वर्षांसाठी पाठवण्याचे ठरले असून ऑगस्टच्या अखेरीस आम्ही निघणार आहोत. सोबत नऊ वर्षांची मुलगी असेल. अडुसष्ट वर्षांच्या सासूबाईंनाही सुरुवातीचे चार महिने बरोबर न्यावे असे आमच्या मनात आहे, कारण निफाडजवळची द्राक्षबाग वाट्याने दिलेली आहे आणि त्या इकडे एकट्या राहिल्या तर आमचे लक्ष सतत मागेच लागून राहील.

घरातील बहुतेकांचे म्हणणे असे की, आपण एप्रिल-मे महिन्यांत चाळीस अंशांचे ऊन सोसणारी माणसे, तेव्हा उष्ण देशात जाण्यासाठी वेगळी तयारी ती काय करायची. मला मात्र हे पटत नाही. तिथे राहून आलेल्यांनी किंवा आज राहत असलेल्यांनी आरोग्य, घर, स्वयंपाक आणि कागदपत्रे यांविषयी अनुभवाचे चार शब्द सांगितले तर फार उपकार होतील.

उत्तर १ – सातपूरकर, टेमा येथे सहा वर्षे वास्तव्य

ताई, तुम्हाला जी शंका आली ती अगदी योग्य आहे. नकाशावर नाशिकही कर्कवृत्ताच्या दक्षिणेलाच, म्हणजे उष्णकटिबंधातच येते; पण आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर राहतो, आपला उन्हाळा कोरडा असतो आणि निफाडला तर थंडीत पारा एक आकडी होतो. टेमा विषुववृत्तापासून अवघ्या साडेपाच-पावणेसहा अंशांवर, थेट समुद्रकाठी वसलेले आहे. तिथे पारा क्वचितच पस्तिशी गाठतो, परंतु रात्रीही तो तेविसाच्या खाली सहसा उतरत नाही आणि हवेतील दमटपणामुळे अंगावरचा घाम वाळतच नाही. पाऊस म्हणाल तर वर्षाला साधारण ८०० मिलिमीटरच्या आतबाहेर, म्हणजे नाशिक शहराहून फार वेगळा नाही. मात्र तो एप्रिल ते जुलै आणि पुन्हा सप्टेंबर ते नोव्हेंबर असा दोन हप्त्यांत येतो. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात सहाऱ्याकडून हरमॅटन नावाचे कोरडे, धुळीचे वारे येतात. तेव्हा ओठ फुटतात, डोळे चुरचुरतात आणि दम्याच्या रुग्णांना विशेष त्रास होतो. पहिल्या तीन-चार आठवड्यांत दुपारी जड काम करू नये आणि पाण्याबरोबर मीठ-साखरही पोटात जाऊ द्यावी, एवढे पाळले की शरीर हळूहळू रुळते.

खरी काळजी घ्यावी ती घर निवडताना. कंपनी घर देणार असेल तर उत्तम, पण तुम्हालाच शोधायचे असेल तर घरमालक एक किंवा दोन वर्षांचे भाडे आगाऊ मागतील आणि पुष्कळदा ते डॉलरमध्ये सांगतील. घानाच्या १९६३ च्या भाडे कायद्यानुसार सहा महिन्यांहून अधिक आगाऊ भाडे मागता येत नाही, परंतु व्यवहारात तो नियम क्वचितच पाळला जातो, म्हणून ही रक्कम कोण भरणार याचा खुलासा नियुक्तिपत्रातच करून घ्यावा. आम्ही तो केला नव्हता आणि पहिल्या वर्षी साठवलेले सगळे पैसे भाड्यातच अडकून पडले. घर पाहायला पावसाळ्यात जा. ३ जून २०१५ रोजी अक्रात पूर आणि पेट्रोलपंपावरील स्फोट एकाच रात्री झाले आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. आजही सखल वस्त्यांत दर पावसाळ्यात पाणी शिरते. गोदावरीला पूर आला की दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागले यावरून आपल्याला अंदाज येतो. तिथे अशी खूण नाही, म्हणून शेजारच्या दुकानदाराला आणि रखवालदाराला जून महिन्यात या गल्लीत पाणी कुठवर चढते ते आवर्जून विचारावे. खिडक्यांना न फाटलेली जाळी, गच्चीवर किंवा अंगणात पाण्याची मोठी टाकी आणि वीज गेल्यावर चालणारा जनित्रसंच या तीन गोष्टी नसलेले घर कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. वीज जाण्याचा प्रश्न तिथे इतका जुना आहे की त्याला 'दुमसोर' हे स्वतंत्र नावच पडले आहे. वीजदाब आपल्यासारखाच २३० व्होल्ट असल्याने मिक्सर आणि इस्त्री इथूनच नेता येते. केवळ पिना चौकोनी लागतात.

इस्त्रीवरून आठवले. धुतलेले कपडे बाहेर वाळत घातले की त्यांवर टुंबू नावाची माशी अंडी घालते, अळी कातडीत शिरते आणि तिथे गळवासारखी गाठ येते. कपडे घरात वाळवावेत, नाहीतर अंतर्वस्त्रे, टॉवेल आणि चादरी यांसह प्रत्येक कपड्यावर, विशेषतः शिवणींवर, गरम इस्त्री फिरवावी. आमच्या धाकट्याच्या पाठीवर अशा दोन गाठी आल्या, तेव्हा आम्हाला ही गोष्ट कळली.

उत्तर २ – नाशिक रोड, वैद्यकीय व्यवसाय

वरील उत्तरात आरोग्याचा मुख्य भाग राहिला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

पहिली बाब पीतज्वराच्या लसीची. नऊ महिन्यांहून मोठ्या प्रत्येक प्रवाशाकडे ही लस घेतल्याचे प्रमाणपत्र असल्याशिवाय घानात प्रवेश मिळत नाही. भारतात परतताना तर ते आणखी महत्त्वाचे ठरते, कारण आपल्याकडे हा रोग नाही आणि तो येऊ नये म्हणून प्रमाणपत्र नसलेल्या प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाते. ही लस खासगी दवाखान्यात मिळत नाही. ती सरकारमान्य केंद्रावरच, आधी वेळ ठरवून घ्यावी लागते. प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर ग्राह्य धरले जाते आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालते. त्यावर पारपत्र क्रमांक लिहिलेला असतो, तो केंद्रातून बाहेर पडण्यापूर्वी एकेक आकडा पडताळून पाहा. मुलीला गोवर किंवा कांजिण्यांची एखादी लस द्यायची राहिली असेल, तर ती त्याच दिवशी किंवा चार आठवड्यांच्या अंतराने द्यावी लागते, म्हणून जुलैपर्यंत थांबू नका.

सासूबाईंबाबत स्पष्टच सांगते. ही जिवंत विषाणूंची लस आहे आणि साठीनंतर प्रथमच घेणाऱ्यांमध्ये तिचे गंभीर दुष्परिणाम होण्याचा धोका तरुणांपेक्षा अधिक असतो. त्यांना अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असतील, तर ती देताच येत नाही. चार महिन्यांच्या सोबतीसाठी हा धोका पत्करावा का, हे त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी त्यांना तपासून ठरवावे. माझे मत विचाराल तर पहिल्या वर्षी त्यांना नेऊ नये.

दुसरी बाब हिवतापाची. 'मलेरिया काय, आम्हाला लहानपणी झाला होता' असे म्हणणारे रुग्ण मला नेहमी भेटतात. घानातील हिवताप बहुतांशी फॅल्सिपेरम जातीचा असतो आणि तो एक-दोन दिवसांत मेंदूपर्यंत किंवा मूत्रपिंडांपर्यंत पोहोचू शकतो. बालपणीच्या आजाराने त्यापासून संरक्षण मिळत नाही. पुण्याच्या सीरम संस्थेत तयार होणाऱ्या आर-२१ या हिवतापाच्या लसीला सर्वप्रथम, एप्रिल २०२३ मध्ये, घानानेच मान्यता दिली. परंतु ती तीन वर्षांपर्यंतच्या बालकांसाठी आहे, तुमच्या मुलीसाठी नाही. प्रतिबंधक गोळ्या तीन वर्षे सलग घ्याव्यात की नाही यावर डॉक्टरांमध्ये मतभेद आहेत. निदान पहिले काही महिने, म्हणजे घराला जाळ्या बसून सवयी लागेपर्यंत, त्या घ्याव्यात असे मी सुचवेन. मुलीची मात्रा तिच्या वजनावर ठरते, तेव्हा मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नये.

गोळ्या चालू असोत वा नसोत, ताप आला की पहिल्या चोवीस तासांत रक्ततपासणी झालीच पाहिजे. आपल्याकडे आपण तापाची गोळी घेऊन दोन दिवस वाट पाहतो, ती सवय तिथे जिवावर बेतू शकते. हिवतापाचा डास संध्याकाळी आणि रात्री चावतो, म्हणून कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाणीतच झोपावे. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळे शाळेत जाताना मुलीचे हातपाय झाकलेले असावेत. सुट्टीत व्होल्टा जलाशयावर जाण्याचा बेत होईल, तेव्हा मुलीला त्या पाण्यात उतरू देऊ नका. तिथल्या गोगलगायींमधून पसरणारे कृमी धड कातडीतूनही शरीरात शिरतात.

इंदिरानगरकर

दोघांचेही मनापासून आभार. सासूबाईंचा निर्णय मनाला लागला, पण तो योग्य आहे असे आता वाटते. त्या माझ्या नणंदेकडे गंगापूर रोडला राहतील, असे काल घरात बोलणे झाले. आम्ही तिघेही शाकाहारी आहोत आणि मुलगी फारशी बोलकी नाही, त्यामुळे स्वयंपाक आणि शाळा यांविषयी कोणी सांगू शकेल का?

उत्तर ३ – मूळची पंचवटीची, सध्या अक्रा

ताई, स्वयंपाकाची चिंता सोडा. तूरडाळ, कणीक आणि हिंग अक्रातील भारतीय किराणा दुकानांत मिळतात, फक्त महाग असतात. घानाच्या उत्तर भागात ज्वारी-बाजरी पिकते, त्यामुळे बाजारातून धान्य आणून दळून घेतले की भाकरी होते. पीठ थोडे निराळे असते, म्हणून गरम पाण्यात भिजवावे. शेंगदाणे तर मुबलक. इथे 'कोंतोमिरे' नावाची पालेभाजी मिळते, ती आपल्या अळूच्याच जवळची. चिंच-गूळ घालून मी तिचे फदफदे करते आणि माझ्या घानाच्या शेजारणीही ते आवडीने नेतात. कच्ची राहिली तर घसा खाजतो, तेव्हा चांगली शिजवावी. नाशिकहून आणण्यासारखे म्हणजे गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, मेतकूट, आमसुले आणि घट्ट झाकणाचे भरपूर डबे. दमट हवेत पापड आठवड्यात मऊ पडतात, मसाल्याला बुरशी येते आणि कातडी चपलाही हिरव्या होतात. रेशमी साड्या एक-दोनच आणा.

बाहेर खाताना मात्र सावध राहा. 'मांस नको' एवढे सांगून भागत नाही, कारण पुष्कळ रश्श्यांत सुकी मासळी किंवा सुकट कुटून घातलेली असते आणि 'शितो' या काळ्या चटणीतही ती असते. मासेही नकोत, असे वेगळे सांगावे. 'रेड-रेड' या चवळी आणि तळलेल्या केळ्यांच्या पदार्थात मासळी नाही याची खात्री करून घेतली, तर मुलीला तो नक्की आवडेल. प्यायला अर्ध्या लिटरच्या पिशव्यांतले पाणी सर्रास मिळते. घरी आम्ही गाळून, उकळूनच पितो.

मुलीबद्दल. इथल्या लोकांचा नमस्कार-चमत्कार मोठा असतो. दुकानात शिरल्याबरोबर 'हे कितीला' असे विचारणे उद्धटपणाचे समजतात. आधी विचारपूस, मग काम. डाव्या हाताने काही देऊ-घेऊ नये, हे तिला आत्तापासून सांगा. माझा मुलगा डावखुरा असल्याने त्याला सुरुवातीला फार अवघड गेले. इथे वारावरून नाव ठेवतात: शनिवारी जन्मलेली मुलगी आमा, रविवारची अकोसुआ, शुक्रवारचा मुलगा कोफी. वर्गात तिला पहिल्याच दिवशी 'तुझा जन्म कोणत्या वारचा' असे विचारतील, तेव्हा पत्रिकेत पाहून ठेवा. अबोल मुलीलाही यातून दोन मैत्रिणी मिळतात. शाळा शिकवते इंग्रजीतून. भारतीय अभ्यासक्रम हवा असेल, तर जागेची चौकशी आत्ताच करून उत्तर लेखी मागवा. वर्षभर संध्याकाळी सहाच्या सुमारास अंधार पडतो, त्यामुळे शाळा घराजवळ असणे हे तिच्या नावलौकिकापेक्षा महत्त्वाचे.

उत्तर ४ – निवृत्त बँक कर्मचारी, कॉलेज रोड

पैशांविषयी थोडक्यात. डिसेंबर २०२२ मध्ये घानात महागाईचा दर ५४ टक्क्यांवर गेला होता आणि सेडी हे तिथले चलन घसरले होते, म्हणून पगाराचा निदान काही भाग डॉलरमध्ये किंवा भारतातील खात्यावर मिळावा, असे करारात लिहून घ्या. नोकरीसाठी परदेशी राहायला गेल्यावर इथले साधे बचत खाते अनिवासी एनआरओ खात्यात बदलून घेणे बंधनकारक आहे. अनेकजण ते वर्षानुवर्षे करत नाहीत. सध्याचे पीपीएफ खाते मुदत पूर्ण होईपर्यंत चालू ठेवता येते. बागेचे व्यवहार सासूबाईंच्या नावावर नसतील, तर विश्वासू नातेवाइकाला मर्यादित कामांपुरते मुखत्यारपत्र निघण्यापूर्वीच नोंदणी करून द्या. ऑक्टोबरची छाटणी तुम्ही गेल्यावर लगेच येईल आणि पीककर्जाच्या कागदावर सही कोणी करायची हा प्रश्न तेव्हा उभा राहील. आणि कामाचा परवाना हातात आल्याशिवाय, 'आधी पर्यटक म्हणून या, मग पाहू' असे कोणी म्हटले तर निघू नका. तिथे पोहोचल्यावर परदेशी नागरिकांसाठीचे घाना कार्ड काढावे लागते. बँक खाते आणि मोबाइलसाठीही ते विचारतात. अक्रातील भारतीय उच्चायुक्तालयात तिघांचीही नोंद करा.

इंदिरानगरकर

नियुक्तिपत्र परत पाठवून घरभाडे, वैद्यकीय विमा आणि पगाराचे चलन या तिन्ही मुद्द्यांवर लेखी खुलासा मागितला आहे. लसीसाठी मुंबईची वेळ घेत आहोत. मुलीचा जन्म शनिवारचा निघाला आणि 'आमा' हे नाव तिला आवडले आहे. डॉक्टर, एकच विचारते: पुढच्या वर्षी सुट्टीवर नाशिकला येऊ, तेव्हा काही विशेष काळजी घ्यावी का?

उत्तर २ – नाशिक रोड, वैद्यकीय व्यवसाय

हो. प्रतिबंधक गोळ्या चालू असतील, तर इथे आल्यावरही डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत, म्हणजे गोळीच्या प्रकारानुसार एक ते चार आठवडे, त्या घेत राहा. परतल्यानंतर तीन महिन्यांत कोणालाही ताप आला, तर दवाखान्यात पाऊल ठेवताच 'आम्ही घानाहून आलो आहोत' हे वाक्य सर्वांत आधी उच्चारा. पावसाळ्यात नाशिकमध्ये डेंग्यूचे रुग्ण इतके असतात की डॉक्टरांचे लक्ष साहजिकच तिकडे जाते. हे वाक्य सासूबाईंना आणि नणंदेलाही सांगून ठेवा, कारण तापात बडबडणारा माणूस स्वतः ते सांगू शकत नाही.