डिस्ट्रोफिन फिकं का होईना आहे, मग एन-नॉस का नाही?

सातारकरीण :
मुलगा ११ वर्षांचा. शाळा घरापासून किलोमीटरभर, पण चढावर त्याच्या पोटऱ्या भरून येतात आणि तो कडेला बसतो. वर्गातल्या बाई म्हणतात, "चालायचा कंटाळा करतो." बायोप्सी आणि जनुकाची तपासणी झाली. बेकर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू हळूहळू कमजोर होण्याचा आजार; डिस्ट्रोफिनच्या जनुकाचे ४५ ते ४७ हे एक्सॉन, म्हणजे तुकडे, गायब. रिपोर्टमध्ये डिस्ट्रोफिन हे स्नायूतलं प्रथिन 'फिकं, तुटक' लिहिलंय; एन-नॉसपुढे मात्र 'पेशीपटलावर दिसत नाही'. एक थोडं उरलं, तर दुसरं पार कसं गेलं? ओळखीचा जिमवाला आर्जिनीनची पावडर द्या म्हणतोय. द्यावी का?

कापकरी :
ताई, मी पाच वर्षं उंदरांच्या स्नायूंचे काप रंगवले आहेत. तुम्ही नेमकी जागा पकडलीत.

एन-नॉस हे नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइम. नाव चेतापेशींवरून पडलं, पण स्नायूतही ते भरपूर असतं. स्नायू आकसताना आत कॅल्शियम वाढतं, त्याने ते चालू होतं आणि आर्जिनीन व ऑक्सिजनपासून नायट्रिक ऑक्साइड तयार करतं. हे एन्झाइम डिस्ट्रोफिनभोवतीच्या प्रथिनांच्या संचाला बांधलेलं असतं आणि ड्युशेनच्या, म्हणजे याच आजाराच्या जास्त तीव्र प्रकाराच्या, रुग्णांत पटलावरून नाहीसं होतं, हे १९९५ मध्ये दाखवलं गेलं.

आता तुमचा प्रश्न. डिस्ट्रोफिन म्हणजे लांबलचक दोरी, मधल्या भागात एकसारखे २४ तुकडे. त्यातल्या १६ व्या आणि १७ व्या तुकड्यावर एन-नॉस बसतं. ते दोन तुकडे ४२ ते ४५ या एक्सॉनमधून येतात, आणि तुमच्या मुलाचा ४५ वा गेलाय. दोरी आहे, पण बसायची जागा मोडली. सिंट्रोफिन नावाचं दुसरं प्रथिन एन-नॉसला धरतं, पण त्याच्या एकट्याने भागत नाही.

चढावरचं दुखणं याच्याशी जोडलेलं असू शकतं. आपण जोर लावतो तेव्हा रक्तदाब टिकावा म्हणून मज्जातंतू रक्तवाहिन्या आवळतात. राबणारा स्नायू नायट्रिक ऑक्साइड सोडून स्वतःपुरता तो आवळ सैल करतो, म्हणून त्याला रक्त मिळतं. एन्झाइम पटलावर नसेल तर हे नीट होत नाही. मुलगा कंटाळा करत नाही. हे बाईंना जाऊन सांगाच.

आर्जिनीन हा नुसता कच्चा माल. एन्झाइमच जागेवर नसताना तो ओतून काय मिळणार? डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

बेकरवाला३९ :
माझे ४५ ते ४८ गेलेत. नायट्रिक ऑक्साइडचाच परिणाम वाढवणाऱ्या टाडालाफिल या औषधावर मीही आशा लावली होती. पण ड्युशेनच्या ३३१ मुलांना ४८ आठवडे देऊन पाहिलं, चालणं घटायचं थांबलं नाही. वहिनी, दोन गोष्टी सांभाळा. दमल्यावर लघवी कोलासारखी काळपट झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि हृदयाची तपासणी चुकवू नका. पाय बरे चालत असले तरी बेकरमध्ये हृदय आधी थकू शकतं. मी ते उशिरा शिकलो.

सातारकरीण :
दादा, हृदयाचं आम्हाला कुणी बोललंच नव्हतं. सोमवारी वेळ घेते. बाईंना रिपोर्ट दाखवून त्याला चढावर रिक्षाने आणायचं ठरवलंय. तो विचारतो, "म्हणजे मी खोटं बोलत नव्हतो ना?"