छायाचित्रासोबत त्यातील नावेही जपावीत

गावातील जुनी छायाचित्रे आणि कागदपत्रे स्कॅन करून ती सर्वांना पाहता यावीत, ही सूचना मला मनापासून पटते. मात्र तिच्यात एक भर घालावीशी वाटते. छायाचित्र टिकते, पण त्यातील माणसे कोण होती हे सांगू शकणारी पिढी निघून जाते आणि मग हाती उरतात ते केवळ अनोळखी चेहरे. म्हणून स्कॅनर सुरू करण्याआधी ज्येष्ठांपाशी बसावे, छायाचित्र त्यांच्या हाती द्यावे आणि त्यांच्या परवानगीने त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे. डावीकडून तिसरी व्यक्ती कोण, मागे दिसणारी भिंत कोणत्या इमारतीची, असे साधे प्रश्न विचारले की एका आठवणीतून दुसरी निघत जाते. मिळालेली नावे छायाचित्रामागे कडेला, मऊ शिसपेन्सिलीने अलगद लिहावीत. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूवर उमटतो.

स्कॅन 600 डीपीआयने (म्हणजे दर इंचाला 600 ठिपके इतक्या बारकाईने) करून मूळ फाइल टिफ या, चित्राचा दर्जा टिकवणाऱ्या स्वरूपात ठेवावी, कारण व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवलेल्या चित्राचा दर्जा घटतो आणि ते केव्हा टिपले यासारखी फाइलमधील माहितीही गळून पडते. जुन्या कागदांचे लॅमिनेशन तर कधीच करू नये. उष्णतेने चिकटलेले प्लास्टिक कागदाला इजा न करता सहसा काढता येत नाही. (हे नुकसान बहुधा जपण्याच्या हेतूनेच होते, याचे अधिक वाईट वाटते.) फाइलच्या किमान तीन प्रती असाव्यात आणि त्यांपैकी एक वेगळ्या ठिकाणी, शक्यतो सार्वजनिक वाचनालयात, नावांच्या यादीसह ठेवावी.