मदत हवी आहे: गोरिंग, महाराजांची विहीर, बॅसिल्डन पार्क, एका दिवसात?

निळाई_७
या शनिवारी आईबाबांना घेऊन इंग्लंडमधल्या थेम्सकाठच्या गोरिंगला जायचंय. नदीकाठ, लॉक (बोटींना पाण्याची पातळी बदलून देणारा दरवाज्यांचा कालवा), मग महाराजांची विहीर, शेवटी बॅसिल्डन पार्क हा जुना वाडा. नकाशावर सगळं जवळजवळ दिसतंय. कसं कसं करू? लवकर सांगा, तिकिटं आजच काढायचीत.

रेडिंगवाला
निघणार कुठून? गाडी की ट्रेन? एकूण किती जण, आणि आईबाबांना चढ झेपतो का? याशिवाय काही सांगणं अवघड आहे.

सह्यकडा
गोरिंगपेक्षा बायबरीला न्या. कोल्न नदी, आर्लिंग्टन रोची दगडी घरं, खरं इंग्लिश खेडं तेच. फोटो अप्रतिम येतात.

निळाई_७
बायबरी नकोय. बाबा मूळचे बनारसचे नसले तरी शिकले तिथेच, आणि विहीर बनारसच्याच महाराजांनी दिलेली, म्हणून ती बघायचीच आहे. चौघं आहोत, ट्रेनने.

रेडिंगवाला
बायबरीला तर स्टेशनच नाही, त्यामुळे तो विषय संपला. पण निघणार कुठून हे अजून सांगितलं नाहीत.

निळाई_७
पूर्व लंडनमधल्या इलफर्डहून. चढ जेमतेम.

रेडिंगवाला
मग असं करा. एलिझाबेथ लाइनने पॅडिंग्टनला उतरा. फलाट जमिनीखाली आहेत. वर मुख्य स्टेशनात यायला ज्येष्ठांबरोबर दहा मिनिटं धरा. एलिझाबेथ लाइन रेडिंगपर्यंतच जाते, गोरिंग त्याच्या पुढे. डिडकॉटकडे जाणारी, सगळीकडे थांबणारी गाडी घ्या. स्टेशनचं नाव 'गोरिंग अँड स्ट्रीटली'. ऑक्सफर्डच्या जलद गाड्या तिथे थांबत नाहीत, लोक इथेच फसतात. जलद गाडीने रेडिंगला जाऊन तिथे बदललं तरी चालेल, पुढे पंधराएक मिनिटांचा प्रवास. ऑयस्टर (लंडनच्या प्रवासाचं कार्ड) वेस्ट ड्रेटनच्या पुढे चालत नाही. त्यामुळे पॅडिंग्टन ते गोरिंग परतीचं वेगळं तिकीट काढा.

चौघं आहात, तर 'ग्रुपसेव्ह' मागा. तीन ते नऊ जण एकत्र जाणार असतील तर ऑफ-पीक, म्हणजे गर्दी नसलेल्या वेळेच्या तिकिटावर एक तृतीयांश सूट मिळते. त्यावर रेलकार्डची (रेल्वेच्या सवलत-कार्डाची) सूट परत मिळत नाही. आणि शनिवार आहे, तेव्हा रुळांचं काम चालू नाही ना हे आदल्या रात्री बघा. काम असलं की रेल्वेच्या जागी बस देतात आणि सगळं वेळापत्रक कोलमडतं.

एमफोर_पाटील
चौघांसाठी भाड्याची गाडीच बरी. एम४ महामार्गाच्या बाराव्या एक्झिटला उतरा, पँगबोर्नवरून जा. तिन्ही ठिकाणं आरामात होतात.

रेडिंगवाला
उन्हाच्या शनिवारी गोरिंगमध्ये पार्किंगला जागा मिळत नाही. शिवाय पँगबोर्नहून थेम्स ओलांडायचा तो व्हिटचर्चचा पूल टोलचा आहे.

एमफोर_पाटील
टोल किरकोळ आहे हो. विहिरीपर्यंत पोचवणारी ट्रेन दाखवा मग.

केतकीवन
दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. विहीर गोरिंगमध्ये नाहीच! ती स्टोक रो नावाच्या गावात, चिल्टर्न टेकड्यांवर. रस्ता वुडकोट, चेकेंडनवरून, साधारण दहा किलोमीटर. बसच्या भरवशावर राहू नका. टॅक्सी आधी ठरवा, जातानाची आणि परतीचीसुद्धा. गावात उभी टॅक्सी मिळत नाही.

तिथे काय बघायचं हे बाबांना आधी सांगा, नाहीतर नुसता घुमट बघून परत याल. काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांनी ही विहीर दिली. इथलेच एडवर्ड अँडरडन रीड तिकडे वायव्य प्रांतात (साधारण आताच्या उत्तर प्रदेशात) अधिकारी होते. १८३१ मध्ये आझमगढ भागात त्यांनी विहीर खणायला मदत केली होती. आपल्या मुलखात, म्हणजे इथल्या टेकड्यांवर, उन्हाळ्यात पाण्याची कशी टंचाई असते, हे त्यांनी महाराजांना सांगितलं होतं. महाराजांनी ते लक्षात ठेवलं. विहीर १८६४ मध्ये खुली झाली. खोली ३६८ फूट, रुंदी जेमतेम चार फूट, आणि सगळं खोदकाम हातांनी. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलची उंची ३६५ फूट आहे, यावरून अंदाज घ्या. एवढं खोल जावं लागलं कारण टेकडी खडूच्या दगडाची, पाणी झिरपून थेट तळाशी जातं. खाली गोरिंगला थेम्स भरून वाहतेय आणि वर माणसं तेव्हा डबक्यांवर जगत होती, हा फरक एकाच दिवसात डोळ्यांनी दिसतो. म्हणूनच दोन्ही ठिकाणं जोडून करा. घुमटाखालच्या यंत्रावर हत्ती आहे, तो चुकवू नका. शेजारी रखवालदाराचं छोटं अष्टकोनी घर आहे.

सह्यकडा
गोरिंगला गायक जॉर्ज मायकेलचं घर होतं. २०१६ च्या नाताळात तो तिथेच वारला.

रेडिंगवाला
ते खासगी घर आहे आणि रस्ता अरुंद. ज्येष्ठांना घेऊन तिथे थांबायचं काही कारण नाही.

निळाई_७
आणि बॅसिल्डन पार्क? ते कोणीच सांगत नाहीये.

केतकीवन
त्याच दिवशी नको. आत-बाहेर नीट बघायला अडीच-तीन तास हवेत आणि मुख्य दालनं वरच्या मजल्यावर आहेत.

घाटवाट
मला हे पटत नाही. आपल्या माणसांनी बॅसिल्डन आधी बघावं. १७७६ मध्ये फ्रान्सिस साइक्सने बांधायला घेतलं, पैसा ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधला. विहीर आणि हे घर एकत्र पाहिल्याशिवाय गोष्ट पूर्ण होत नाही.

केतकीवन
मुद्दा मान्य. पण ए३२९ या रस्त्यावरून आईबाबांना चालवत नेणार का? तिथेही टॅक्सीच लागेल. तीन ठिकाणं केली तर एकही धड होणार नाही.

घाटवाट
बरं, मग वेगळा दिवस काढा, पण काढाच. ज्यांना चालायचंय त्यांनी गोरिंग ते पँगबोर्न हार्टस्लॉकच्या रानातून जावं, साडेसहा किलोमीटर. परतीची गाडी पँगबोर्नहून.

रेडिंगवाला
चढ जेमतेम म्हणाल्यात त्या. हार्टस्लॉकला चढ आहे आणि पावसानंतर चिखल. त्यांनी पूल, लॉक आणि बंधारा एवढंच करावं. पुलावर उभं राहिलं की दोन्ही दिसतं. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पाण्यात उतरू नका, ओढ जबर असते.

आणि जेवण बारा-साडेबाराला उरका. अडीच-तीननंतर बऱ्याच पबची स्वयंपाकघरं संध्याकाळपर्यंत बंद असतात. शाकाहारी असाल तर मेन्यू आधी बघून टेबल राखून ठेवा.

निळाई_७
ठीक. सकाळी लॉक, जेवण, मग टॅक्सीने विहीर. विहिरीजवळ शौचालय आहे का?

केतकीवन
असेल असं धरून चालू नका. जेवाल तिथेच उरकून निघा. टॅक्सीवाल्याला विहिरीपाशीच थांबायला सांगा, परतीची वाट बघत बसायला नको.