सिनेमा बघून मुलांशी देवाबद्दल बोलावं का?

मधली सुट्टी:
परवा लेकीबरोबर 'कोको' (२०१७) पाहिला. त्यात मेलेली माणसं एका वेगळ्या जगात नांदत असतात. जिवंतांपैकी कुणालाच त्यांची आठवण उरली नाही, की तिथूनही विरून जातात. रात्री दात घासताना, तोंडात ब्रश तसाच ठेवून ती म्हणाली, "मी पणजीला विसरले तर ती पण जाईल?" पणजी गेली तेव्हा ही दोन वर्षांची होती, चेहरासुद्धा आठवत नाही. मग अर्धा तास बोलत बसलो. आत्मा असतो का, देव कुणाला विसरतो का. एरवी "ये, देवाबद्दल बोलू" म्हटलं असतं तर पळाली असती. श्रद्धेचा विषय काढायला सिनेमासारखं निमित्त नाही, असं माझं मत.

शंकासुर:
म्हणजे सिनेमाने पोरीच्या जिवाला घोर लावला आणि तुम्ही तो निस्तरलात. आठवण संपली की माणूस संपतो, हा पटकथेच्या सोयीचा नियम. नाहीतर शेवटची धावपळ कशी रंगणार? लहान पोराला तो खराच वाटतो. आणि मोठ्यांची खोड वेगळीच. माझे वडील सिनेमा संपता संपता विचारायचे, "मग, काय शिकलास?" अजूनही नावं वर सरकायला लागली की मी आधी उठतो.

मधली सुट्टी:
निस्तरलं कुठे? मलाच उत्तर येत नव्हतं. तसं सांगितलं तिला.

जुना प्रोजेक्टर:
भाच्याला 'द प्रिन्स ऑफ इजिप्त' (१९९८) दाखवला. मोशेची गोष्ट. सुरुवातीलाच पाटी येते, की बायबलमधल्या 'निर्गम' या पुस्तकातल्या कथेवर बेतलेला आहे, पण कलात्मक सूट घेतली आहे. तिथेच थांबवून ती त्याला वाचून दाखवली. नंतर बायबल काढलं. सिनेमात नदीतलं बाळ, म्हणजे मोशे, फारोच्या (इजिप्तच्या राजाच्या) राणीला सापडतं, मूळ कथेत फारोच्या मुलीला. असले फरक हुडकायला पोरांना फार आवडतं. पण खरी गंमत पुढे. इंग्रजीत मोशे आणि जळत्या झुडपातून त्याच्याशी बोलणारा देव, दोघांचा आवाज एकाच नटाचा, व्हॅल किल्मरचा. भाच्याने ओळखलं. म्हणाला, "मग मोशे स्वतःशीच बोलत होता का?" मी इतकी वर्षं प्रार्थना करतोय, हे स्वतःला विचारायची छाती झाली नव्हती.

शंकासुर:
प्रश्न एक नंबर, मान्य. पण त्याच सिनेमात इजिप्तची थोरली मुलं एका रात्रीत मरतात, आणि मारणारा देवच. भाचा थोरला की धाकटा?

जुना प्रोजेक्टर:
थोरला. त्या रात्री दिवा चालू ठेवून झोपला. बहीण दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला, "मामा, त्या मुलांनी काय केलं होतं?" अजून उत्तर दिलेलं नाही. रविवारी जायचंय त्यांच्याकडे.