आम्ही पाहिलेला फोर्लान

उरुग्वेचा फुटबॉलपटू दिएगो फोर्लानने २०१९ मध्ये बूट खुंटीला टांगले. इंडियन सुपर लीगचा २०१६ चा एक मोसम तो मुंबई सिटीकडून खेळला, म्हणून थोडा आपलाही. मैदानात, टीव्हीवर, जिथे पाहिला असेल तिथलं लिहा. गोलांचे आकडे सगळीकडे मिळतात, तुमची आठवण सांगा.

मीच सुरुवात करतो. १९ नोव्हेंबर २०१६, अंधेरी क्रीडासंकुल, समोर केरळ ब्लास्टर्स. नोटाबंदीला अकरा दिवस झालेले. खिशात दोन हजारांची एकच नोट आणि गेटबाहेरच्या वडापाववाल्याकडे सुटे नाहीत. आमची हुज्जत चालू असतानाच आतून आरडाओरडा. पहिला गोल गेला! धावत आत गेलो म्हणून उरलेले दोन तरी मिळाले. सदतिसाव्या वर्षी हॅटट्रिक, निकाल ५-०. पळायचा कमी; चेंडू कुठे पडणार ते आधीच ठाऊक असल्यासारखा तिथे उभा असायचा.
– अंधेरीकर

आमच्या घरात मी मँचेस्टर युनायटेडवाला, चुलतभाऊ लिव्हरपूलवाला. जानेवारी २००२ ला आलेल्या फोर्लानला पहिल्या गोलासाठी आठ महिने लागले, तोही पेनल्टीवर. भावाने टोमणे मारून जीव नकोसा केला होता. त्याच वर्षी १ डिसेंबर, रविवार, युनायटेड विरुद्ध लिव्हरपूल. लिव्हरपूलचा गोलकीपर डुडेकच्या पायांमधून साधा चेंडू निसटला, फोर्लानने ढकलला. तीन मिनिटांत दुसरा. भाऊ उठून गच्चीवर गेला, जेवायलाच खाली आला.
– डावा विंगर

२०१० चा वर्ल्ड कप, हॉस्टेलचा टीव्ही रूम, मॅच रात्री बाराला. त्या वर्ल्ड कपच्या जाबुलानी चेंडूच्या नावाने सगळे गोलकीपर बोटं मोडत होते आणि हा तो हवा तसा वळवत होता. घानाविरुद्धची फ्री किक बघा. पण मला आठवते ती जर्मनीविरुद्धची, तिसऱ्या क्रमांकाची मॅच. २-३ ने मागे, शेवटच्या क्षणी फ्री किक. चेंडू भिंतीवरून गेला आणि आडव्या खांबावर आदळला. मॅच संपली. आम्ही सगळ्या तशाच बसून राहिलो, पंखा तेवढा फिरत होता. त्याला स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बॉल मिळाला खरा, पण तो खांब काही डोक्यातून जात नाही.
– निशाचर

कोलकात्यात नोकरीला होतो. रवींद्र सरोबरला २०१६ ची लीगची सेमीफायनल, सगळीकडे एटीकेवाले, म्हणजे कोलकात्याच्या संघाचे, मी गपचूप मुंबईवाला. दुसरं पिवळं कार्ड मिळून फोर्लान बाहेर. तो सामना हरलो. परतीच्या सामन्यात फोर्लान नाही, ०-० आणि खेळ खल्लास. लीगमध्ये पहिले येऊन हे! असल्या सामन्यात इतक्या अनुभवी माणसाने दोन कार्डं घ्यावीत, हे मला अजून पटत नाही.
– प्रवासी पक्षी

माझी आई फक्त टेनिस बघते. २०२४ मध्ये माँटेव्हिडिओच्या स्पर्धेत तो दुहेरी खेळला, १-६, २-६ हरला. व्हिडिओ दाखवला तर म्हणाली, "सर्व्हिस बरी आहे, पोट सुटलेलं नाही."
– रिमझिम

अंधेरीकर, वडापावचं काय झालं?
– डावा विंगर

उधारीवर खाल्ला, मॅच संपल्यावर. सेमीफायनलला पैसे दिले.
– अंधेरीकर