ट्रान्सपोर्टर टी५ : फ्लायव्हीलचे बोल्ट कसे आवळावेत?

लीड्सकर : माझ्याकडे फोक्सवॅगन ट्रान्सपोर्टर टी५ ही १.९ टीडीआय इंजिनाची व्हॅन आहे. क्लच बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवला असून ड्युअल-मास फ्लायव्हीलही (इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या टोकाला बसणारे, दोन भागांचे जड चाक) नवे बसवायचे आहे. त्याच्या बोल्टसाठी पुस्तिकेत ६० न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) आणि त्यापुढे आणखी ९० अंश फिरवा असे लिहिले आहे. काढलेले सहाही बोल्ट दिसायला ठणठणीत आहेत. ते लॉकटाइट (आटे घट्ट धरणारा गोंद) लावून पुन्हा वापरावेत आणि अंश न मोजता थोडा जास्त टॉर्क द्यावा, असे एका परिचितांनी सुचवले आहे. हे चालेल का?

जुना मिस्त्री : चालणार नाही. हे बोल्ट ठरवून ताणले जाणारे आहेत. एकदा ताणलेला बोल्ट डोळ्यांना चांगला दिसला तरी दुसऱ्यांदा तोच दाब देईल याचा भरवसा नसतो, म्हणून नवेच घ्यावेत. अंशांचे कारणही समजून घ्या. टॉर्क रेंचने लावलेल्या जोरापैकी सुमारे नव्वद टक्के जोर आट्यांमधल्या आणि डोक्याखालच्या घर्षणात खर्च होतो व जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणण्यास उरतो. त्यामुळे आट्यांवर तेल किंवा जुन्या लॉकटाइटचे कण राहिले, तर रेंच तोच आकडा दाखवूनही ताण वेगळाच पडतो. ६० न्यूटन मीटरने बोल्ट नीट टेकतो. पुढचा पाव फेरा आट्यांच्या पेरावर (दोन आट्यांमधल्या अंतरावर) अवलंबून असल्याने घर्षणाचा परिणाम बराच कमी होतो. फ्लायव्हीलची छिद्रे समान अंतरावर नसतात, ते एकाच स्थितीत बसते. बसत नसेल तर जोर लावू नका, फिरवून पाहा.

लीड्सकर : आभारी आहे. अंश मोजण्याचे उपकरण मात्र नाही.

जुना मिस्त्री : प्रत्येक डोक्यावर रंगाची खूण करा, काटकोन डोळ्यांना पुरेसा अचूक कळतो. मात्र सर्व सहा बोल्ट आधी समोरासमोरच्या क्रमाने ६० पर्यंत आणून मगच अंशांकडे वळा. फ्लायव्हील फिरू नये म्हणून त्याच्या कडेच्या स्टार्टर रिंगच्या दातांत अडकणारे लॉकिंग साधन वापरा, स्क्रूड्रायव्हर खुपसू नका. इम्पॅक्ट गन तर आवळताना दूरच ठेवा.

ओम्नीप्रेमी : माझ्या मारुती ओम्नीलाही हेच आकडे लावावेत का?

जुना मिस्त्री : नाही. इंजिन वेगळे, बोल्ट वेगळे. तिच्याच वर्कशॉप पुस्तिकेतला आकडा घ्यावा. आणि लीड्सकर, फ्लायव्हील उतरलेच आहे तर मागचे क्रँकशाफ्ट ऑइल सील पाहून घ्या. ते पाझरत असेल तर नवा क्लच तेलाने खराब होईल आणि गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागेल.