होळीच्या आधीचे हवामान: एकाच घरात पहाटे हिवाळा, दुपारी उन्हाळा

प्रश्न (औसा तालुका, जि. लातूर)

आमच्या घरात मागच्या बाजूला जुने माळवद (मातीचा जाड थर दिलेले सपाट छप्पर) असून पुढच्या दोन खोल्यांवर पत्रे आहेत. महाशिवरात्र झाली तरी पत्र्याच्या खोलीत पहाटे एक गोधडी पुरत नाही आणि दुपारी दोन वाजता तिथे बसवत नाही. माळवदाच्या खोलीत मात्र दिवसभरात फारसा फरक जाणवत नाही. "होळी जळाली, थंडी पळाली" असे सासूबाई म्हणतात, पण होळीला अजून अवकाश आहे. ज्वारीची कणसे खळ्यावर पडली आहेत आणि कडब्याची गंजी रचायची राहिली आहे. परवा दुपारनंतर अचानक आभाळ भरून आले, तेव्हा आधी काय झाकावे हेच सुचेना. असे का होते, आणि पावसाची चाहूल घरच्या माणसाला आधी कशी लागेल?

उत्तर (परभणी)

ताई, थंडी-उन्हाच्या या खेळाचे मूळ कोरड्या हवेत आहे. समुद्रापासून दूर असलेल्या आपल्या पठारावर या दिवसांत हवेत बाष्प कमी आणि आकाश निरभ्र असते, त्यामुळे जमिनीने दिवसा घेतलेली उष्णता रात्री अडसराशिवाय वर निघून जाते, आणि पहाटे १३-१४ अंश असलेले तापमान दुपारी ३४ अंशांपर्यंत चढते. पत्रा पातळ असल्याने तो आकाशाबरोबरच तापतो आणि निवतो. माळवदाच्या जाड मातीला तापायला आणि निवायलाही वेळ लागतो, म्हणून तिथे हा फरक बोथट होतो. लहान मुलांना व वृद्धांना या महिन्यात मागच्या खोलीतच निजवावे, असे मला मनापासून वाटते.

उत्तर (भूम तालुका, जि. धाराशिव)

वरील माहितीला पावसाची बाजू जोडतो. उत्तर भारतावरून पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून येणारी वादळी हवा, सरकत असताना वरच्या थरात थंड हवा येते. त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून दमट वारे आपल्याकडे पोचले आणि त्यात दुपारच्या उन्हाची भर पडली, की ढग झपाट्याने उंच वाढतात व गारा पडतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात झालेली गारपीट मी शेतात उभा राहून पाहिली आहे. काढणीला आलेला गहू आणि हरभरा जमिनीला चिकटला होता, आणि ते दिवस आठवले की आजही जीव कळवळतो.

चाहूल म्हणाल, तर कोरडा वारा थांबून पूर्वेकडून किंवा आग्नेयेकडून दमट वारा लागला, पहाटेची थंडी एकाएकी कमी झाली आणि सकाळीच घामट उकाडा वाटू लागला, तर त्या दिवशी दुपारी तीननंतर खळे उघडे ठेवू नये. आधी कणसे झाकावीत, कारण भिजलेली ज्वारी काळी पडते आणि तिला बाजारात भाव राहत नाही. गंजी मात्र उतरता माथा ठेवून नीट रचलेली असेल तर बरेचसे पाणी वरून निथळून जाते. वीज पडण्याच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' हे अ‍ॅप घरातल्या एका तरी मोबाइलमध्ये असावे. ढग गडगडू लागल्यावर ताडपत्री ओढायला कोणी खळ्यावर धावू नये, आणि जनावरे झाडाखाली बांधलेली असतील तर ती वेळीच गोठ्यात आणावीत.

प्रश्नकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. पहाट उबदार होणे हीच सूचना असते, हे आजवर लक्षातच आले नव्हते; परवाची पहाट खरोखरच तशी होती. आजच मुलांची अंथरुणे माळवदाखाली हलवली. अंगणातल्या आंब्याचा मोहर ढगाळ हवेनंतर पांढुरका दिसतो आहे, त्याला काय करावे?

उत्तर (परभणी)

तो भुरी रोग असावा. पाण्यात विरघळणारे ८० टक्के गंधक १० लिटर पाण्यात २० ग्रॅम मिसळून सायंकाळी फवारावे. दुपारच्या कडक उन्हात फवारल्यास पाने करपतात. थोडा मोहर गळाला तरी घाबरू नये, कारण त्यातली बरीच फुले नरफुले असतात आणि त्यांना फळ धरत नाही.